नारळाच्या हाती गाडी

आष्टी
१० नोव्हेंबर २०२५

सचिनभाऊजी,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे. पण ठीक नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

पाकीट पाहून हसाल. खिशात दोन-दोन फोन असलेल्या दिराला वहिनी पोस्टाचं तिकीट चिकटवून लिहून राहिली. पण तुम्हाला फोन लावला की तुम्ही तो गाडीतच उचलता. "बोला वहिनी, गाडीत आहे, पण हात मोकळे आहेत." हात मोकळे आहेत हे तुम्ही कौतुकाने सांगता आणि इकडे मी लगेच फोन ठेवून देते. पत्र माणूस थांबून वाचतो असा माझा समज आहे. तुमच्या नव्या गाडीने अजून पत्र वाचून दाखवायला सुरुवात केली नसेल, तर थांबून वाचा.

परवा शनिवारी आकांक्षाला तुम्ही सोडून गेलात. जेवताना पोरगी हसत हसत सांगते, "आई, तळेगावच्या अलीकडं वळणावरचा मारुती आला का काका दोन्ही हात सोडतात, डोळे मिटतात आन् नमस्कार करतात. गाडी आपल्या आपण चालते."

म्हटलं, "मंग चालवते कोण?"

"गाडीच."

"आन् मारुती काय करते?"

ती हसली. तुमचे दादाही हसले. म्हणाले, "सायन्सचा सर आहे तो. त्याले समजते." जसं काही सायन्सचे सर रस्त्यावर मरतच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, वहिनी एवढी देवाची, आणि नमस्काराला नाक मुरडते? भाऊजी, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझा शनिवार चुकलेला नाही. तुम्ही तेव्हा तिसरीत होता आणि माझ्या उपासाची भगर तुम्हीच अर्धी खात होता. म्हणून मला भक्ती शिकवू नका. तुमचा नमस्कार तुमच्या खात्यात जमा होतो. माझी पोरगी कोणाच्या खात्यात?

तिचं फिजिओथेरपीचं अजून दीड वर्ष राहिलं आहे. तुमच्याकडे राहते, मोहिनी तिला पोटच्यासारखं जपते, हे मी विसरले नाही. तुम्ही दर शनिवारी संत्र्याच्या बागेवर येता तेव्हा तिला आणता, तेही विसरले नाही. पण एकतर हात गाडीच्या चाकावर राहतील, नाहीतर आकांक्षा एसटीने येईल.

सुमती


सावंगी (मेघे)
१४ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार. (बसून करतोय. गाडी दारात उभी आहे.)

तुमचं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं आणि दोन सहकाऱ्यांनाही वाचून दाखवलं. एक म्हणाला, हे वर्गात शिकवण्यासारखं आहे. नव्या तंत्रज्ञानाला समाज कसा घाबरतो, त्याचं उदाहरण म्हणून.

आता शांतपणे समजून घ्या. माझ्या गाडीला पुढे कॅमेरा आहे, रडार आहे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ती पाहते आणि त्यांच्यामधून स्वतः चालते. समोर काही आलं तर स्वतः ब्रेक मारते. माणसाला डुलकी लागते, राग येतो. गाडीला यातलं काही होत नाही. नमस्काराला लागतात दोन सेकंद. तेवढ्यात तुमचे आष्टीचे लोक गाडी चालवता चालवता तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी सोडतात, खर्रा तोंडात टाकतात आणि पन्नी बाहेर फेकतात. त्याचं कोणाला काही वाटत नाही.

खरा धोका मी सांगतो. अर्ध्या डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात. वरून कडेला दगड लावतात, आणि सोयाबीन उचलल्यावर दगड तिथेच. कापसाचा ट्रॅक्टर म्हणजे चालतं घर, मागे लाल दिवा नाही. मोटरसायकलवर तिघं, तेही उलट्या बाजूने, आणि चुकी दाखवली तर आपल्यालाच विचारतात, "काऊन, रस्ता तुया बापाचा आहे का?" आमचे दादा यातलेच. हेल्मेट आरशाला लटकवून फिरतात. माझ्या हातात असतं तर साठीनंतर सगळ्यांचं लायसन्स जमा करून घेतलं असतं. हे रस्ते माणसांच्या हाती द्यायच्या लायकीचे नाहीत, वहिनी. यंत्राच्याच हाती द्यायला हवेत.

आणि देवाचं म्हणाल, तर गाडी घेतली त्याच आठवड्यात गिरडच्या टेकडीवर नेऊन आणली. तिथला नारळ लाल कापडात गुंडाळून स्टीअरिंगलाच बांधला आहे. विज्ञान आणि श्रद्धा दोन्ही आहे. आणखी काय पाहिजे?

घरात नवी वस्तू आली की आपल्या माणसांना थोडं टोचतं, ते मी समजू शकतो.

सचिन


आष्टी
२४ नोव्हेंबर

भाऊजी,

टोचलं हो. तुमचं पत्र वाचून खूप टोचलं. आम्ही पंधरा वर्षं तीच मोटरसायकल वापरून राहिलो, म्हणून तुमच्या गाडीचा आमच्या डोळ्यात काटा गेला, असंच ना? स्टाफरूममध्ये हेही वाचून दाखवा.

सोयाबीनचं आणि ट्रॅक्टरचं तुम्ही लिहिलं ते खरं आहे. ते लोक नालायकच. आणि तुमच्या दादांना मी रोज दारातून ओरडते, "ते टोपलं डोक्यावर घाला, आरशाले काय डोकं आहे?" तर म्हणतात, "पोलीस दिसला का घालतो." म्हणजे डोकं पोलिसासाठी जपायचं. या घरात शहाणं कोणीच नाही, हे मला लग्नातच कळायला पाहिजे होतं.

पण भाऊजी, रस्त्यावर एवढे नालायक आहेत हे ज्याला पक्कं माहीत आहे, तो तर हात आणखी घट्ट धरेल. तुम्ही सोडता. हे कोणतं सायन्स?

नारळाचं मात्र बरं केलं. तुमच्या अख्ख्या पत्रात तेवढी एकच ओळ मला पटली. देवाची वस्तू हातापाशी राहिली की माणूस जपून चालतो.

आता मी विचारते त्याचं उत्तर द्या. परवा शनिवारी तुम्ही आकांक्षाला फाटकाशी उतरवलं आणि चहाला न थांबता गेलात. असं तुम्ही कधी करत नाही. शेजारच्या भागीरथाबाईने पाहिलं, गाडीचा डावा आरसा तुटून लोंबत होता. आणि आकांक्षाच्या उजव्या मनगटाला पट्टी. म्हणते, "काकांकडच्या मोरीत घसरली." मी म्हटलं, "मोरी ओली होती का?" "हो." "मग तू सोडून कोणीच काऊन नाई घसरलं?" तर पुस्तक उघडून बसली. जी पोरगी कुकरच्या शिट्टीवरही दहा वाक्यं बोलते, ती एका 'हो'वर थांबली.

काय झालं?

सुमती


सावंगी (मेघे)
२८ नोव्हेंबर

वहिनी,

मोरीत साबण सांडला होता. आकांक्षाचा हात मुरगळला. तिच्याच कॉलेजात दाखवलं, चार दिवसांत बरा होईल. आरसा माकडाने तोडला. सावंगीत माकडं फार झाली आहेत आणि नगरपालिका, ग्रामपंचायत, वनखातं, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यावर लिहायचं तर वेगळं पत्र होईल.

गाडीबद्दल एवढंच सांगतो की परवाच तिने रस्त्यातल्या अडथळ्यातून आम्हाला सुखरूप आणलं. माणूस असता तर गोंधळला असता.

पण मला आता या उलटतपासणीचा कंटाळा आला आहे. मी माझ्या भावाची मुलगी घरात ठेवतो, तिचं जाणं-येणं पाहतो, आणि त्याबद्दल मला आरोपीसारखी पत्रं येतात. तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर गाडीपुरताच का म्हणून? आकांक्षाच्या राहण्याचीही दुसरीकडे सोय पाहा. होस्टेलला अर्ज करायची मुदत डिसेंबरअखेर आहे.

या शनिवारी मी बागेवर येणार नाही.

सचिन


सावंगी (मेघे)
३० नोव्हेंबर

सुमतीताई,

यांना न सांगता लिहिते. आकांक्षाने शपथ घातली होती की आईला कळू द्यायचं नाही, नाहीतर शिक्षण बंद करून परत नेईल. पण यांनी तुम्हाला होस्टेलचं लिहिलं हे कळल्यावर मला राहवलं नाही. तुमची पोरगी घराबाहेर काढायचं आणि वर माकडाचं नाव सांगायचं!

ताई, मोरीत कोणी पडलं नाही.

ही गाडी हात सोडले की ओरडते. हात चाकावर ठेवा, ठेवा म्हणून टुंगटुंग वाजते, आणि तरीही ठेवले नाही तर आपोआप चालणं बंद करते. हात आहेत हे तिला चाकावरच्या वजनावरून कळते म्हणे. यांनी ते शोधून काढलं. तो गिरडचा नारळ चाकाच्या एका बाजूला लटकवला आहे ना, तो त्यासाठी आहे. नारळाचं ओझं लागलं की गाडीला वाटते माणसाचा हात आहे. मग ओरडत नाही. मी एकदा काढायला गेले तर म्हणाले, "पूजेचा आहे, हात नको लावू." देवाचं नाव घेतल्यावर मी काय बोलणार?

त्या शनिवारी मारुतीच्या वळणावर यांनी हात जोडले, डोळे मिटले. वळणावर पांढरे पट्टे पुसलेले. कापसाचा ट्रॅक्टर अर्धा रस्त्यात उभा. गाडी पट्टा सोडून सरळ निघाली. आकांक्षाने बाजूच्या सीटवरून चाक धरून ओढलं, म्हणून ट्रॅक्टर चुकला आणि गाडी खाली कच्च्यावर उतरली. त्यात तिचं मनगट मुरगळलं. आरसा कशाला तरी घासला. ती म्हणते, "काकू, मी ओरडली तवाही काकांचे हात जोडलेलेच होते."

आता ही गोष्ट तुम्हाला कशी वापरायची तशी वापरा. पण तिला इथून नेऊ नका. तिचा हात मी रोज शेकते.

मोहिनी


आष्टी
३ डिसेंबर

मोहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग देवापुढे ठेवलं आणि दिवा लावला. पोरगी वाचली म्हणून. तुझे उपकार फिटणार नाहीत.

मी रविवारी पहिल्या बसने येते. यांना सांगितलं की मोहिनीकडे लोणचं द्यायला जाते. भाऊजी आंघोळीला किती वेळ लावतात ते तुला ठाऊक. गाडीची किल्ली तेवढी हाताशी ठेव.

आकांक्षाला रागावणार नाही. तिला हे आधी सांगू नकोस, नाहीतर ती मला अडवायला फाटकात उभी राहील.

ताई


सावंगी (मेघे)
८ डिसेंबर

वहिनी,

काल मी तुमचा मान ठेवून गप्प बसलो. आज लिहितो.

मी आंघोळ करून टॉवेलवर बाहेर येतो तर माझ्या गाडीचं दार सताड उघडं, तुम्ही आत, आणि मोहिनी बाहेर उभी राहून तुम्हाला कात्री देते. मी म्हटलं, "वहिनी, तो पूजेचा नारळ आहे!" तर तुम्ही मला काय म्हणालात? "पूजेचाच आहे, म्हणून फोडते. नारळ फोडायसाठी असते, नोकरीले ठेवायसाठी नाई." आणि माझ्याच गाडीच्या चाकाशेजारी, माझ्याच फरशीवर तो आपटला. समोरच्या बंगल्यातले प्राध्यापक गॅलरीत उभे होते. त्यांची मुलं येऊन खोबरं मागून घेऊन गेली. तुम्ही मलाही एक तुकडा दिलात. मी टॉवेलवर, हातात खोबरं.

आणि नंतर उरलेलं वाळकं खोबरं किसून तुम्ही मोहिनीच्या डब्यात भरून ठेवलं. वाया जाऊ नये म्हणून! अपमानातही काटकसर.

मी विज्ञान शिकवतो. मला माझी जोखीम कळते. त्या दिवशी चूक ट्रॅक्टरवाल्याची होती, पट्टे न रंगवणाऱ्या खात्याची होती. त्यांना कोणी काही म्हणत नाही. आकांक्षाने चाक ओढलं नसतं तर गाडीने स्वतः ब्रेक मारलाच असता. मला तर वाटतं, तिच्या ओढण्यानेच गोंधळ झाला.

होस्टेलच्या अर्जाचं मी लिहिलं होतं, त्यावर मी ठाम आहे. आणि मारुतीला हात जोडणं मी सोडणार नाही. ते माझं आणि मारुतीचं आहे.

सचिन


आष्टी
११ डिसेंबर

भाऊजी,

तुमचं आणि मारुतीचं काय आहे, तेच सांगायला लिहिते.

रविवारी दुपारी परतीच्या बसचा टायर नेमका त्या वळणावर बसला. ड्रायव्हर म्हणाला, अर्धा तास. मी म्हटलं, बरं झालं. पोरगी इथेच वाचली, उतरून मारुतीचं दर्शन घेऊ. चप्पल रस्त्याच्या कडेला काढली आणि पदर घेऊन त्या शेंदरी छपराखाली गेले.

आत चहाची भट्टी.

भाऊजी, तिथे मारुती नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा गावकऱ्यांनी वाजतगाजत मूर्ती आत गावात नेली, नवीन देऊळ बांधलं. दोन पावसाळे झाले त्याला. राहिलं ते छप्पर आणि चौथरा. तिथे तानाबाई म्हणून एक बाई आहे, तिने चहाचं दुकान टाकलं. तुमची गाडी यायच्या आधीपासून ती तिथे बसते. तुम्ही प्रत्येक शनिवारी दोन्ही हात सोडून, डोळे मिटून जिला नमस्कार करत होता, ती तानाबाईची भट्टी.

ती मला म्हणाली, "लय गाडीवाले हात जोडून जातात बाई. पहिले मले वाटे, ओळखीचे आहेत. मी बी जोडत होती परत. आता कंटाळा आला. च्या प्यायले एक थांबत नाई."

मी पांढऱ्या गाडीचं विचारलं. तिने मला छपराचा पुढचा बांबू दाखवला, मोडलेला, सुतळीने बांधून उभा केलेला. म्हणाली, "गाडी माया बाकापाशी येऊन थांबली. दोन म्हातारे उठून पळाले. आतला माणूस हात जोडूनच होता. म्या म्हटलं, चुकी झाली म्हणून माफी मागून राह्यला बिचारा. म्या म्हटलं, जाऊ द्या. तर खरंच गेला."

माकडं तिकडे नाहीत, हेही विचारून घेतलं.

आकांक्षाने ओढलं म्हणून गोंधळ झाला, असं तुम्ही लिहिता. तुम्ही वर्गात जे काय शिकवत असाल ते शिकवा. पण ही ओळ तुम्ही त्या पोरीच्या मनगटाकडे पाहून एकदा तिच्यासमोर म्हणून दाखवा. मला म्हणून दाखवायची गरज नाही. तुमच्या पत्रात ट्रॅक्टरवाला आहे, रस्त्याचं खातं आहे, वनखातं आहे, म्हातारे दादा आहेत. अख्खा जिल्हा आहे. तुम्ही तेवढे कुठे दिसत नाही. नारळाला चाकावर बसवून तुम्ही गेलात तरी कुठे होता?

होस्टेलचा अर्ज मी आणला आहे. भरून ठेवला आहे. तुम्ही म्हणाल तर पाठवते. पोरगी तुमच्या उपकारात राहण्यापेक्षा होस्टेलची पातळ डाळ खाईल.

सुमती


सावंगी (मेघे)
१८ डिसेंबर

वहिनी,

शनिवारी वळणावर थांबलो. गाडी बाजूला लावली, उतरलो.

तानाबाईने मला ओळखलं नाही, गाडीला ओळखलं. म्हणाली, "तुमची आहे का? मंग बांबू कोण आणन?" तळेगावला परत जाऊन आणला. ती दगडाने ठोकत होती आणि मी धरून उभा होतो. दोन म्हातारे बाकावर बसून मला सूचना देत होते. कोणीतरी माझे फोटोही काढले. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी त्या गावचा आहे, त्यामुळे फोटो कॉलेजात माझ्याआधी पोचले.

चहा घेतला. फार गोड होता.

आकांक्षाला मी ती ओळ म्हणून दाखवायला गेलो होतो. खरंच गेलो होतो. ती डाव्या हाताने वहीत लिहीत होती. मग मी दुसरंच काहीतरी विचारलं, पेपर कधी आहे वगैरे.

होस्टेलचा अर्ज फाडून टाका. मोहिनीने मला सांगितलं आहे की आकांक्षा गेली तर तीही तिच्यासोबत होस्टेलला राहील, आणि ती थट्टा करत नव्हती. ते मी रागात लिहिलं होतं.

गाडीचं आपोआप चालणं बंद करून टाकलं आहे. २७ तारखेच्या शनिवारी आकांक्षाला मी स्वतः, दोन्ही हातांनी, घेऊन येतो. आता तरी तुमचा विश्वास बसायला हरकत नसावी.

सचिन


आष्टी
२२ डिसेंबर

भाऊजी,

पत्र तुमच्या दादांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पाहाय, पोरगं सुधरलं." मी म्हटलं, "एका बांबूनं कोणी सुधरत नाई. थांबा जरासं."

अर्ज फाडला. आकांक्षा तुमच्याकडेच राहील. मोहिनीला सांगा, पेटी बांधायची गरज नाही.

पण येणं-जाणं ती एसटीनेच करेल. आर्वीला बस बदलावी लागेल, उभं राहावं लागेल, राहू द्या. तुम्हाला वाईट वाटेल, तेही वाटू द्या. तुम्ही शनिवारी एकटे या. वांग्याचं भरीत करून ठेवते. पुढच्या शनिवारीही एकटे या, त्याच्या पुढच्याही. संत्र्याचा मृगबहार मार्चात उतरेपर्यंत असेच एकटे येत राहा.

मग मी तुमच्या गाडीत बसून आर्वीपर्यंत जाऊन येईन. पहिले मी बसीन. पोरगी नंतर.

सुमती